उन्हाच्या कलानं चालणारं घर

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यांनी बांधलंय त्यांना यातली मेख बरोबर ठाऊक. ओटा इथे नको, जरा तिकडे हवा, हे गवंड्याला सांगेपर्यंत ओटा बांधून झालेला असतो! आणि राहायला गेल्यावर कळतं, की बैठकीच्या खोलीत दुपारी तीन वाजता असं ऊन घुसतं, की आल्यागेल्याला बसवायचं कुठे हाच प्रश्न. उलट कुरडया-पापड वाळवायला हक्काचं ऊन हवं, तर ते नेमकं शेजारणीच्या गच्चीवर.

आपण नशिबाला बोल लावतो, पडदा ओढून घेतो, पंखा एकाने वाढवतो. पण खरं सांगा, घराचा नकाशा काढताना ऊन कुठून येतं हे कुणी विचारलं होतं का? खोल्या किती, संडास कुठे, भाव काय, एवढंच आपण विचारलं.

मैत्रिणींनो, आज ज्या वस्तीची गोष्ट सांगणार आहे, तिथे आधी ऊन बघितलं आणि मग भिंत उभी केली. ही वस्ती आपल्यापासून फार दूर, अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या वाळवंटात आहे. नाव आर्कोसांती. फिनिक्स शहरापासून उत्तरेला सुमारे ११० किलोमीटरवर, आपल्या पाचगणीपेक्षा थोड्या कमी उंचीच्या पठाराच्या काठावर ती वसली आहे. खाली दरीत आग्वा फ्रिया नावाची नदी. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ 'थंड पाणी'. नाव मोठं गोड, पण वर्षातले बरेच दिवस ही नदी नावापुरतीच असते.

ही वस्ती पाओलो सोलेरी या वास्तुशिल्पकाराच्या डोक्यातून निघाली. १९१९ साली इटलीतल्या तुरीन शहरी जन्मलेला हा माणूस १९४६च्या अखेरीस अमेरिकेत आला, फ्रँक लॉइड राइट या नामवंत वास्तुशिल्पकाराच्या हाताखाली शिकला आणि पुढे अ‍ॅरिझोनातच स्थायिक झाला. अमेरिकेतली शहरं ऐसपैस पसरत चालली होती. प्रत्येकाचा स्वतंत्र बंगला, पुढे हिरवळ, दाराशी मोटार, आणि मिठाची पुडी आणायची तरी मोटार काढायची! सोलेरींना हे मुळीच पटत नव्हतं. शहर पसरू नये, उंच आणि आटोपशीर असावं; घर, काम, दुकान, करमणूक सगळं पायी जाण्याच्या अंतरावर असावं, आणि भोवतालची जमीन मोकळी राहावी, असं त्यांचं म्हणणं. 'आर्किटेक्चर' आणि 'इकॉलॉजी' हे दोन शब्द जोडून त्यांनी या कल्पनेला 'आर्कॉलॉजी' असं नाव दिलं. १९६९ साली याच नावाचा त्यांचा ग्रंथ आला, आणि १९७० साली आर्कोसांतीचं बांधकाम सुरू झालं. पुढे इथे पाच हजार माणसं राहतील, असा आराखडा होता.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? एका जिन्यावर वीस बिऱ्हाडं, सगळ्यांची मिळून एक गॅलरी, खाली वाणी, कोपऱ्यावर पिठाची गिरणी. ही तर आमची चाळ! अगदी बरोबर. गंमत अशी, की आपण चाळ सोडून ब्लॉककडे धावत होतो, त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे एक माणूस वाळवंटात चाळीचे गुण शोधत होता.

तर चला, मनातल्या मनात का होईना, आपण तिथे वर्षभरासाठी बिऱ्हाड थाटू. चारही ऋतू पाहू, आणि येताना आपल्या घरासाठी चार गोष्टी गाठीला बांधून आणू.

हिवाळा : या, ऊनराव, आत या

आपण डिसेंबरात पोचलो असं समजा. वाळवंट म्हणजे बारा महिने उकाडा, ही आपली समजूत पहिल्याच रात्री उतरते. रात्री पारा शून्याखाली जातो, एखाद्या दिवशी बर्फही पडतं. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसाची ऊब सूर्य मावळताच उडून जाते. ओठ फुटतात, टाचा फुटतात. तुपाची वाटी जवळ ठेवलेली बरी!

पण सकाळी कामाच्या जागी जा. नारळाची एक वाटी घ्या, ताटलीत पालथी घाला. झाला घुमट. आता ती वाटी मधोमध उभी चिरा आणि एक अर्ध काढून टाका. जे उरलं, तसा एक मोठा काँक्रीटचा अर्धा घुमट इथे उभा आहे. त्याचं उघडं तोंड दक्षिणेला. मातीकाम करणाऱ्यांसाठी असा एक, आणि धातूचं ओतकाम करणाऱ्यांसाठी दुसरा. १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हे दोन्ही उभे राहिले.

तोंड दक्षिणेलाच का? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून आणि खालून फिरतो. या ठिकाणी २१ डिसेंबरच्या सुमाराला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर असतो. म्हणजे ऊन तिरपं होऊन थेट घुमटाच्या पाठीच्या भिंतीपर्यंत पोचतं आणि काम करणारे दिवसभर कोवळ्या उन्हात बसतात. उन्हाळ्यात, २१ जूनच्या सुमाराला, तोच सूर्य ७९ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा घुमटाचं छप्पर त्याला आडवं येतं आणि आत सावली राहते. ना पडदा ओढायचा, ना बटण दाबायचं. इमारत एकच, हिवाळ्यात ती शेकोटी होते आणि उन्हाळ्यात छत्री.

विश्वास बसत नसेल तर कपाळावर हात आडवा धरून बघा. सकाळचं तिरपं ऊन हाताखालून डोळ्यांत जातं, पण भर दुपारचं ऊन तोच हात अडवतो. सगळं शास्त्र एवढंच!

राहण्याच्या खोल्याही कामाच्या जागेला लागूनच आहेत. ओतकामाच्या घुमटाभोवती बिऱ्हाडं आहेत, आणि भट्टीची वाया जाणारी ऊब हिवाळ्यात त्यांच्याकडे वळवावी अशी योजना होती. आपल्या आज्या बाळंतिणीची खोली स्वयंपाकघराला लागून का ठेवत, ते आठवलं ना? चुलीची ऊब फुकट कशाला घालवायची!

वसंत : वारा आणि घंटा

मार्च उजाडला की वारा सुटतो. पठाराचा काठ, आडोसा नाही, त्यामुळे केस विंचरून बाहेर पडण्यात अर्थ नाही. उतारावर रानफुलं दिसू लागतात, नदीकाठच्या झाडांना पालवी फुटते, आणि वस्तीत जागोजागी टांगलेल्या घंटा किणकिणू लागतात.

या घंटा केवळ शोभेच्या नाहीत बरं का. वस्तीची चूल पेटती ठेवली ती त्यांनीच. सोलेरी मध्यंतरी इटलीला परतले होते. तिथे विएत्री सुल मारे या गावी चिनीमातीच्या वस्तूंच्या एका कारखान्याची इमारत बांधताना ते मातीकामही शिकले. अ‍ॅरिझोनात आल्यावर ते मातीच्या आणि ब्राँझच्या वाऱ्याच्या घंटा करू लागले. त्यांची विक्री हाच पुढे आर्कोसांतीच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाला. घंटा विकायच्या आणि शहर बांधायचं!

मातीची घंटा करण्याची रीत तुम्हाला आवडेल. ओलसर गाळाच्या मातीत घंटेच्या आकाराचा खड्डा करतात. त्यात पातळ कालवलेली चिनीमाती ओततात. भोवतालचा गाळ पाणी शोषून घेतो आणि खड्ड्याच्या कडेला चिनीमातीचा थर धरतो. थर पुरेसा जाड झाला की उरलेली पातळ माती उपसून घेतात. मग नक्षी कोरायची, वाळवायचं, भाजायचं. घावनाचं पीठ तव्यावर पसरून कडा धरताना आपण बघतो ना, त्याच नजरेनं तिथला कारागीर खड्ड्याच्या कडेकडे बघत असतो.

ब्राँझच्या घंटांचं काम वेगळं. वाळूचा साचा, आणि हजार अंशांच्या वर तापलेला, केशरी दिसणारा धातूचा रस. जाड कपडे नि तोंडावर झडप घातलेली माणसं तो साच्यात ओततात आणि बघायला आलेले पाहुणे श्वास रोखून दूर उभे राहतात.

उन्हाळा : दिवसाला झाकण, रात्रीला दार

मे संपता संपता खरी परीक्षा सुरू होते. जूनमध्ये पारा ३८ अंशांच्या पुढे जातो आणि हवेत ओलाव्याचा अंश नसतो. सकाळी धुतलेली चादर दोरीवर घालून वळेपर्यंत वाळते. अंगाला घाम आलेला कळतच नाही, कारण तो आल्याआल्या उडून जातो, म्हणून तहान नसली तरी पाणी पीत राहायचं. विंचू आणि खुळखुळ्या शेपटीचे विषारी साप याच दिवसांत बाहेर पडतात, तेव्हा चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही.

अशा दिवसांत तिथे गृहकृत्याचा पहिला धडा मिळतो. काँक्रीटच्या जाड भिंतींना तापायला वेळ लागतो. दिवसभर त्या ऊन पीत बसतात आणि रात्री हळूहळू ती ऊब सोडतात. म्हणून सकाळी गारवा असेपर्यंत दारं-खिडक्या सताड उघड्या. ऊन चढू लागलं की बंद. सूर्य मावळला की पुन्हा उघड्या. आपल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती हेच करायच्या. माजघरात भर वैशाखात दुपारी गार झोप लागायची, ती काही उगीच नव्हे.

गंमत म्हणजे, याच उन्हाळ्यात वस्ती सगळ्यांत गजबजायची, कारण कॉलेजांना सुट्टी. काही आठवड्यांच्या कार्यशाळेसाठी देशोदेशीचे तरुण-तरुणी येत. शिकण्यासाठी स्वतः पैसे भरायचे, आणि भर उन्हात काँक्रीट कालवायचं! निम्मी वस्ती अशा हातांनीच उभी राहिली. आजवर आठ हजारांच्या आसपास माणसांचे हात या वस्तीला लागले. सुरुवातीच्या काळात नवख्यांचा मुक्काम खाली नदीजवळच्या तळावर, आठ-आठ फुटांच्या काँक्रीटच्या चौकोनी खोल्यांत किंवा तंबूत असे.

त्यांच्या बांधकामाची एक तऱ्हा पाहा. लाकडी फळ्यांचा साचा महाग, म्हणून गाळाच्या मातीचा ढीग घालायचा. त्याला हवा तो गोल आकार द्यायचा, मातीवर नक्षी कोरायची, रंग भुरभुरवायचा. वर सळया बांधून काँक्रीट ओतायचं. काँक्रीट धरलं की खालची माती खणून काढायची. उरतं ते छत, आणि त्याच्या पोटाला मातीतली नक्षी नि रंग उमटलेला! आपण वाटीत भात दाबून मूद पाडतो, तिचाच हा उलटा प्रकार. इथे साचा पोटात असतो.

पावसाळा : मृगाची सख्खी बहीण

वाळवंटात पावसाळा? हो, आहे! आणि तिथले लोक त्याला 'मान्सून'च म्हणतात. अ‍ॅरिझोनात पाऊस दोन वेळा पडतो. हिवाळ्यात हलका, रेंगाळणारा, आणि जुलै-ऑगस्टात धसमुसळा, ढगांच्या गडगडाटासह. त्या भागातले जुने स्पॅनिशभाषी लोक २४ जूनला, संत हुआनच्या सणाला, पावसाची वाट बघू लागतात. आपल्याकडे मृग लागला की आपणही दारात उभ्या राहून आभाळ न्याहाळतोच ना?

दुपारी क्षितिजावर ढग चढतात, संध्याकाळी धुळीची भिंत पुढे येते, आणि मग अर्धा-पाऊण तास असा पाऊस कोसळतो, की कोरडे ओढे डोळ्यांदेखत लाल पाण्यानं भरून वाहतात. कडक जमीन पाणी पीत नाही. ते धावत सुटतं. म्हणून दूरवर पाऊस दिसला, तरी कोरड्या ओढ्यात उतरायचं नाही, हा तिथला पहिला नियम. फिनिक्सकडच्या सखल वाळवंटात 'क्रिओसोट' नावाचं झुडूप असतं, पावसानं भिजलं की त्याचा उग्र वास सुटतो. माहेरच्या अंगणातल्या पहिल्या पावसाचा वास आपण जसा विसरत नाही, तसा तिथल्या माणसांना हा वास विसरता येत नाही.

पण गृहिणीच्या दृष्टीनं ऋतू कटकटीचाच. हवेत दमटपणा आला की पाण्यावर चालणारे कूलर काम करेनासे होतात. हे विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. शिवाय काँक्रीटला वर्षं झाली की भेगा पडतात, आणि पावसाचं पाणी भेग बरोबर शोधून काढतं. कागदावरचं शहर कधी गळत नाही, हो! ते गळतं माणसं राहायला लागल्यावर. डागडुजी हे आर्कोसांतीतलं कधीच न संपणारं काम आहे.

शरद : ऑलिव्हचं लोणचं

ऑक्टोबर म्हणजे तिथला सगळ्यांत सुखाचा महिना. दिवस उबदार, रात्री गार. वस्तीत ऑलिव्हची झाडं आहेत, हिवाळ्याच्या तोंडाशी फळं उतरवली जातात. ऑलिव्ह झाडावरून काढून तोंडात टाकाल तर तोंड कडूजहर होईल! ही फळं चिरून किंवा ठेचून पाण्यात घालतात, रोज पाणी बदलतात, कडवटपणा उतरला की मीठपाण्यात मुरवतात. आपण कैऱ्या नि आवळे मीठपाण्यात घालतो तसंच. ज्या आईनं कारल्याला मीठ लावून कडू पाणी पिळून काढलं, तिला हे शिकवायला नको.

शरदात गाण्याबजावण्याचे कार्यक्रमही होत. अशाच एका महोत्सवात, १९७८च्या ऑक्टोबरात, वाळलेल्या गवतावर उभ्या केलेल्या मोटारींच्या तळाला आग लागली आणि पाहुण्यांच्या कितीतरी मोटारी जळून गेल्या. मोटारीवाचून जगता यावं म्हणून बांधलेल्या गावात मोटारींचाच वणवा! दैवाची थट्टा म्हणतात ती ही.

मग शहर का झालं नाही?

इतकं सगळं असून, पाच हजारांचं शहर काही झालं नाही. वस्ती कधी पन्नास, कधी शंभर-दीडशे, अशीच राहिली. आराखड्यातला अगदी थोडा भाग बांधून झाला. कारणं आपल्यासारखीला लगेच कळतील. घंटा विकून घर चालेल. शहर कसं चालणार? मजुरी तुटपुंजी. शाळा, दवाखाना, दुसरी नोकरी हवी तर महामार्गानं मोटारीतूनच जायला हवं. पंचविशीत तिथे एक उन्हाळा काढणं वेगळं, आणि दोन मुलं घेऊन संसार मांडणं वेगळं.

पण आणखी एक कारण मला वाटतं, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. हे गाव एका माणसाच्या शब्दावर उभं होतं. चित्र त्यांचं, विचार त्यांचा, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची पत्नी कॉली सुरुवातीपासून त्यांच्या पाठीशी होती. ती १९८२ साली वारली आणि तिला तिथेच माती दिली. वस्तीतल्या खुल्या रंगमंचाला तिचं नाव आहे. २०१३ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, सोलेरीही गेले आणि तिच्या शेजारी विसावले.

त्यानंतर २०१७ साली त्यांची मुलगी डॅनिएला हिने जाहीर लेख लिहिला. किशोरवयात वडिलांनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केले, असं तिने त्यात सांगितलं. भोवतालच्या काही जणांना हे आपण आधीच सांगितलं होतं, तरी थोर माणसाच्या थोर कामापुढे ते बाजूला सारलं गेलं, हे तिचं दुःख होतं.

हे वाचून तुमच्याही पोटात कालवलं असेल. मनात येतं, ज्या घरात सूर्याला कुठून आत घ्यायचं याचा इतका बारीक विचार झाला, त्या घरात एका मुलीचं म्हणणं आत यायला खिडकी नव्हती का? इतक्या दूरच्या माणसांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण 'घराण्याचं नाव', 'मोठ्या माणसाचं काम', 'आता कशाला उकरायचं' ही वाक्यं आपल्या माजघरांतही ऐकू येतातच की! भिंती उन्हाच्या कलानं बांधल्या म्हणून घर उबदार होत नाही. लेकीबाळीनं धीर करून काही सांगितलं, तर हातातलं काम खाली ठेवून ऐकणारं माणूस लागतं. आर्कोसांतीकडून शिकायची ही पहिली गोष्ट, आणि ती कुठल्याच नकाशात दाखवलेली नाही.

म्हणून उन्हाचं शहाणपण खोटं ठरत नाही. ते आठ हजार हातांनी उभं केलेलं आहे, एकट्या माणसाचं नव्हे. ते आपण खुशाल घ्यावं.

आपल्या घरासाठी

घर बांधून झालंय, ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर आहे, आता काय उपयोग, असं म्हणू नका. एवढं करून पाहा.

१. वर्षभर ऊन टिपा. दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन फरशीवर कुठवर येतं, तिथे खडूनं खूण करा आणि वहीत लिहा. पुढच्या वर्षी वाळवण कुठे, तुळस कुठे आणि आजीची खाट कुठे, हे वही सांगेल.

२. आपलं ऊन त्यांच्याहून वेगळं आहे. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. म्हणजे आपला खरा शत्रू गच्ची आणि पश्चिमेची भिंत. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात ऊन देते आणि उन्हाळ्यात फारशी छळत नाही. गच्चीला उन्हाळ्याआधी पांढरा चुना द्या. पांढरा रंग ऊन परतवतो आणि वरच्या मजल्यावरच्यांना फरक कळतो.

३. पश्चिमेच्या खिडकीला पडदा बाहेरून हवा. आतून कितीही जाड पडदा लावला, तरी काचेतून आलेली उष्णता खोलीतच राहते. बाहेरून बांबूची चिक लावा, किंवा कुंड्यांत गोकर्ण नाही तर कारल्याचा वेल चढवा. सावली मिळेल, भाजीही मिळेल.

४. कोरड्या हवेच्या गावांत, म्हणजे अहिल्यानगर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या बाजूला, उन्हाळ्यात रात्री आणि पहाटे खिडक्या उघड्या ठेवा, ऊन चढायच्या आत बंद करा. खिडक्यांना गज आणि जाळी मात्र हवी. मुंबईत आणि कोकणात ही युक्ती चालत नाही, कारण तिथे रात्रही दमट. तिथे समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवावा.

५. उन्हाळ्यात डाळी-कडधान्यं शिजवणं, दूध आटवणं ही कामं पहाटे उरकून घ्या. चुलीची ऊब हिवाळ्यात पाहुणी असते, उन्हाळ्यात आगंतुक.

६. आणि नवं घर बांधणार असाल, तर खोल्या किती हे विचारण्याआधी गवंड्याला, इंजिनिअरला, घरच्या कर्त्या माणसालाही एकच विचारा : 'ऊन कुठून येणार?' तो गोंधळला, तर वही पुढे करा. घरात सबंध दिवस जिचा जातो, तिला हे विचारायचा पहिला हक्क आहे.

आर्कोसांतीत आजही माणसं राहतात, घंटा ओततात, बघायला आलेल्यांना वस्ती हिंडवून दाखवतात. पाच हजारांचं शहर झालं नाही, पण डिसेंबरातलं ऊन अजूनही ठरल्या वेळी घुमटाच्या पाठीच्या भिंतीपर्यंत येतं आणि जूनमध्ये उंबऱ्यावरूनच मागे फिरतं.

उद्या सकाळी चहाचं आधण ठेवलं, की जरा खिडकीशी उभ्या राहा. ऊन कुठे आलंय ते बघा. आणि घरातलं कुणी काही सांगू बघत असेल, तर गॅस बारीक करून तेही ऐका.